व्हिसा नाकारला तर कोर्टात जाता येतं का? वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

व्हिसा नाकारल्यावर पुढे काय, यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं तर एकट्या सोलापूर शहरातूनच एवढी पत्रं आलीत की सगळी छापणं शक्य नाही. बहुतेक कॅनडाची आहेत म्हणून त्याला जास्त जागा देतेय. एक आधीच सांगते, मी इथे सोलापुरात वकिली करते, परदेशातल्या कोर्टात उभं राहायचा परवाना माझ्याकडे नाही, तिथे केस टाकायची वेळ आली की तिथलाच वकील लागणार. पण कुठल्या वाटेने जायचं हे ठरवायला जे समजून घ्यावं लागतं ते इथे बसूनही समजून घेता येतं.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी केली, आता कॅनडात सप्लाय चेनच्या डिप्लोमाला ॲडमिशन मिळाली होती, पहिल्या वर्षाची फी पण भरली. व्हिसा रिफ्युज झाला. पत्रात दोनच ओळी, की शिक्षण संपल्यावर तू कॅनडा सोडशील याची खात्री पटत नाही आणि हा कोर्स तुझ्या आधीच्या शिक्षणाशी जुळत नाही. एजंट म्हणायलाय लगेच दुसरी फाईल टाकू, भाचा म्हणायलाय डायरेक्ट कोर्टात जा. आणि मला एक सांगा, नाही म्हणायच्या आधी त्यांनी पोराला एकदा विचारायला नको होतं का?

उत्तर : भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते कारण सगळं तिथेच अडकलंय.

व्हिसा मिळणं हा तुमच्या मुलाचा हक्क नाही, पण त्याच्या अर्जावर नीट, न्याय्य पद्धतीने निर्णय होणं हे कॅनडाचा कायदा त्याला देतो, तो सोलापुरात बसलेला असला तरी. यालाच तिथे प्रोसिजरल फेअरनेस म्हणतात, आपल्याकडे आपण नैसर्गिक न्याय म्हणतो, म्हणजे समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्या, मनात आधीच ठरवून बसू नका, आणि निर्णयाची कारणं द्या. कॅनडात हे पक्कं झालं ते 1999 च्या बेकर केसमध्ये. मेव्हिस बेकर ही जमैकाची बाई, 1981 मध्ये व्हिजिटर म्हणून गेली आणि तिथेच राहिली, घरकाम करून पोट भरलं, चार मुलं तिथेच जन्मली. तिला देशाबाहेर काढायचा आदेश निघाला, तिने माणुसकीच्या आधारावर राहू द्या म्हणून अर्ज केला, तो एका पत्राने नाकारला गेला आणि पत्रात कारण काहीच नव्हतं. वकिलाने मागितल्यावर अधिकाऱ्याच्या नोंदी मिळाल्या, आणि त्यात तिच्या मानसिक आजाराबद्दल, मुलांच्या संख्येबद्दल, ती सरकारी मदतीवर जगते याबद्दल अशा भाषेत लिहिलं होतं की सुप्रीम कोर्टाने म्हटलं, हे वाचून कुठल्याही समंजस माणसाला वाटेल की या अधिकाऱ्याने मोकळ्या मनाने विचार केलाच नाही. निर्णय रद्द झाला. तेव्हापासून अधिकाऱ्याच्या नोंदी म्हणजेच निर्णयाची कारणं असं धरलं जातं, आणि तुमच्या केसमध्ये नेमकं हेच कामाला येणार आहे.

आता विचारायला हवं होतं का, तर याचं उत्तर थोडं कडू आहे. तात्पुरत्या व्हिसाच्या अर्जात कोर्ट ही जबाबदारी कमी धरतं. इंटरव्ह्यू घेतलाच पाहिजे असं नाही. फाईल कच्ची आहे म्हणून अधिकाऱ्याने मेल करून अजून एक कागद द्या असं सांगायलाच पाहिजे असंही नाही, सगळं पटवून द्यायची जबाबदारी अर्ज करणाऱ्याची. पण अधिकाऱ्याला तुमचा कागद खोटा वाटला, किंवा तुम्ही खरं बोलत नाही असं वाटलं, किंवा त्याने बाहेरून काहीतरी माहिती काढून ती तुमच्याविरुद्ध वापरली, तर मात्र तुम्हाला कळवून उत्तर द्यायची संधी देणं भाग आहे, ती दिली नाही तर तेवढ्यावरच निर्णय रद्द होऊ शकतो. तुमच्या पत्रातल्या दोन ओळींवरून मला तरी हा प्रकार दिसत नाही, खात्री मात्र नोंदी वाचल्यावरच होईल.

म्हणून पहिलं काम, नोंदी मिळवा. तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या सिस्टीमला जीसीएमएस म्हणतात, अधिकारी त्यात आपलं म्हणणं टाईप करतो. 2025 च्या मध्यापासून स्टडी परमिट, वर्क परमिट, व्हिजिटर अशा बऱ्याच नकारांसोबत या नोंदी जोडूनच यायला लागल्यात, तर आधी ऑनलाईन अकाऊंट उघडून सगळी पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत बघा. नसतील तर तिथल्या माहितीच्या कायद्याखाली मागता येतात, मुदत 30 दिवसांची आहे, कधी जास्त लागतात. आणि अकाऊंट म्हटलं की माझा जीव वर येतो, कारण आपल्याकडे एजंट स्वतःचाच ईमेल टाकून अकाऊंट काढतात, पासवर्ड त्यांच्याकडेच, नकार कधी आला हे घरच्यांना दोन तीन आठवड्यांनी कळतं. आजच्या आज पासवर्ड मागून घ्या, तुमच्या मुलाचं अकाऊंट आहे ते.

का एवढी घाई, तर मुदत. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 72 खाली फेडरल कोर्टात जायचं तर कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाला 60 दिवस मिळतात, कॅनडाच्या आत झालेल्याला फक्त 15. हे दिवस निर्णय कळल्यापासून मोजतात. खास कारण असेल तर जज मुदत वाढवून देऊ शकतो पण त्याच्या भरवशावर राहू नका.

नोंदी हातात आल्या की त्या दोन रंगांचे पेन घेऊन वाचा, मी माझ्याकडे आलेल्यांना हेच करायला लावते. एका रंगाने त्या वाक्यांखाली रेघ मारा जिथे अधिकारी म्हणतो अमुक कागद नाही, तमुक स्पष्ट केलेलं नाही, आणि तो कागद खरंच तुम्ही जोडला नव्हता. दुसऱ्या रंगाने तिथे जिथे कागद जोडलेला होता, स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे हाच कोर्स का करायचाय हे सांगणाऱ्या अर्जासोबतच्या पत्रात, उत्तर लिहिलेलं होतं, तरी अधिकाऱ्याने ते बघितल्याचं दिसत नाही.

उदाहरण देते. तुमच्यासारख्या धंद्यातल्या घरात बँकेत एकदम मोठी रक्कम येते, समजा जागा विकून अठरा लाख जमा झाले आणि दोन महिन्यांनी फाईल गेली. अधिकारी लिहितो, मोठी रक्कम, स्रोत कळत नाही. आता खरेदीखत फाईलला जोडलेलं नव्हतं तर अधिकाऱ्याचं काही चुकलं नाही, आणि तुम्ही कोर्टात खरेदीखत घेऊन गेलात तर कोर्ट ते बघणार पण नाही, कारण ज्युडिशियल रिव्ह्यूमध्ये, म्हणजे निर्णय नीट झाला का एवढंच कोर्ट तपासतं त्यात, अधिकाऱ्यापुढे त्या दिवशी जे कागद होते तेवढेच कोर्टापुढे असतात. हे आपल्या लोकांना सांगून पटत नाही, त्यांना वाटतं कोर्ट म्हणजे नवीन पुरावा द्यायची जागा. अशा वेळी दुसरी फाईल हाच रस्ता. पण खरेदीखत जोडलेलं होतं, रजिस्टर्ड, इंग्रजी भाषांतरासकट, आणि तरी नोंदीत स्रोत कळत नाही असं लिहिलंय, तर ती कोर्टाची केस आहे.

कोर्ट काय तपासतं ते 2019 च्या डिसेंबरमधल्या वाविलोव निकालात सुप्रीम कोर्टाने सविस्तर सांगितलंय. टोरांटोत जन्मलेला हा मुलगा, आईवडील रशियाचे हेर निघाले म्हणून सरकारने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं होतं, सुप्रीम कोर्टाने तो निर्णय अवाजवी ठरवला. नियम असा की कोर्ट अधिकाऱ्याच्या जागी बसून मी असतो तर व्हिसा दिला असता का असं विचारत नाही, ते बघतं की कारणांची साखळी जुळते का, पुराव्याला धरून आहे का, वाचणाऱ्याला कळतं का की या टोकापासून त्या टोकापर्यंत अधिकारी कसा पोचला. व्हिसा अधिकाऱ्याकडे हजारो फायली असतात म्हणून दोन चार ओळींच्या नोंदी चालतात हेही कोर्ट मानतं, पण त्या दोन चार ओळींत तुमच्या फाईलमधला मुख्य मुद्दा तरी दिसला पाहिजे.

तुमच्या मुलाच्या कारणांकडे बघू. कोर्स आधीच्या शिक्षणाशी जुळत नाही, यावर फेडरल कोर्टाने बऱ्याच निकालांत म्हटलंय की अधिकारी करिअर काउन्सेलर नाही, माणसाने आपली लाईन का बदलली याचं समजण्यासारखं कारण दिलं असेल तर त्याला हात लावून उत्तर द्यावं लागेल. मेकॅनिकल करून सप्लाय चेन यात मला तरी काही विचित्र वाटत नाही, घरचा टॉवेलचा धंदा आहे, सूत कुठून आणायचं, माल कुठे पाठवायचा, एक्सपोर्ट कसं वाढवायचं हे शिकून पोरगा परत कारखान्यात येणार असेल तर हे सगळ्यात भक्कम कारण आहे. प्रश्न एवढाच की हे तुमच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये होतं का, की एजंटने सगळ्या पोरांना देतो तोच मजकूर नाव बदलून टाकला? तो मजकूर आधी वाचा. कारखान्याचं नाव, जीएसटीचे कागद, मशिनरीचे फोटो, तुम्ही स्वतः लिहिलेलं पत्र की मुलगा परत आल्यावर काय बघणार, यातलं काही फाईलमध्ये होतं का.

आणि सोडून जाणार नाही या कारणामागे नोंदीत बऱ्याचदा एक ठरलेलं वाक्य असतं, अर्जदार अविवाहित आहे, कुठेही जायला मोकळा आहे, त्याच्यावर अवलंबून कोणी नाही. चोवीस वर्षांचा विद्यार्थी अविवाहितच असणार ना! कोर्टानेही म्हटलंय की बहुतेक विद्यार्थी तरुण आणि एकटेच असतात, तेवढ्यावरून तो परत जाणार नाही असं काढता येत नाही. पुढे कधी संधी मिळाली तर तिथेच राहायला आवडेल अशी इच्छा असणं हेही कायद्याने गुन्हा नाही, त्याच इमिग्रेशन कायद्याच्या कलम 22 मध्ये स्पष्ट लिहिलंय की कायमचं राहायची इच्छा आहे म्हणून तात्पुरता प्रवेश नाकारता येणार नाही, मुदत संपल्यावर निघून जाईल एवढी खात्री पटली पाहिजे. ठरलेलं वाक्य वापरलं एवढ्यानेच निर्णय रद्द होत नाही पण, त्याच्या मागेपुढे तुमच्या फाईलबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर होतो.

आता कोर्टात गेलात तर मिळतं काय. जिंकलात तरी व्हिसा मिळत नाही. फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तो नव्याने निर्णय घेतो, तो परत नाही म्हणू शकतो, फक्त त्याला आता नीट कारणं द्यावी लागतात. आधी कोर्टाची परवानगी लागते, तिला लीव्ह म्हणतात, ती नाकारली तर तिथेच विषय संपतो, वर अपील नाही. चांगली बाजू अशी की केस भक्कम असेल तर बऱ्याचदा सरकारी वकीलच म्हणतो, फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देतो, केस मागे घ्या, मग सुनावणीपर्यंत जावंच लागत नाही. कोर्टाची फी 50 डॉलर आहे, खरा खर्च वकिलाचा, आणि जिंकलात तरी तो खर्च सहसा परत मिळत नाही, हरलात तर समोरच्याचाही सहसा द्यावा लागत नाही. ऑक्टोबर 2024 पासून फेडरल कोर्टाने खास स्टडी परमिटसाठी एक सुटसुटीत पद्धत सुरू केलीय, साध्या सरळ केसेससाठी, दोन्ही बाजू तयार असतील तर लीव्ह आणि अंतिम निर्णय एकाच वेळी, कागदांवरच, सुनावणी नाही, आणि पाच महिन्यांच्या आत निकाल द्यायचा असं उद्दिष्ट. खोट्या कागदाचा आरोप असेल तर ती वाट बंद.

माझं मत विचाराल तर, नोंदी वाचून पहिल्या रंगाच्या रेघा जास्त असतील तर नवीन फाईल, सगळी उणीव भरून, आणि आधीच्या नकारातलं एकेक कारण पत्रात नाव घेऊन खोडून. दुसऱ्या रंगाच्या जास्त असतील तर तिथल्या वकिलाला फाईल दाखवा. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं, त्याला बंदी नाही. पण एजंट म्हणतो तसं तीच फाईल तशीच परत टाकणं म्हणजे फी वाया घालवणं आणि वर नकारांची संख्या वाढवणं, ते अजिबात करू नका. 1 सप्टेंबर 2025 पासून एकट्या विद्यार्थ्याला राहण्याखाण्यासाठी वर्षाला 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, फी आणि प्रवास वेगळा, जुनी फाईल जुन्या आकड्यावर बांधली असेल तर तेही बघा. कॉलेजला मेल करून ॲडमिशन पुढच्या इनटेकला ढकलता येते का आणि व्हिसा नाकारल्यावर फीमधून किती कापतात तेही लेखी घ्या.

प्रश्न : आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो. मग एम्बसीविरुद्ध तिथेच रिट पिटिशन टाकता येणार नाही का? मुंबईला जायची गरज पण नाही. – एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : प्रश्न आवडला मला. कोल्हापूरचं बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं आणि आपला जिल्हा त्यात आहे हे बरोबर, आमच्यासारख्या वकिलांची आणि पक्षकारांची मोठी सोय झाली. पण आपल्या राज्यघटनेच्या कलम 226 खालची रिट आपल्या सरकारविरुद्ध, आपल्याकडच्या सार्वजनिक संस्थांविरुद्ध. दुसऱ्या देशाने आपल्या देशात कोणाला येऊ द्यायचं हा त्या देशाचा सार्वभौम अधिकार आहे आणि त्यांचे अधिकारी व्हिएन्ना करारांखाली, म्हणजे परदेशी दूतावासांना संरक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारांखाली, आपल्या कोर्टाच्या बाहेर असतात. त्या देशाच्या निर्णयाला त्या देशाच्याच कोर्टात आव्हान.

पासपोर्टचं उलट आहे. परदेशात जाणं हा वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे असं आपल्या सुप्रीम कोर्टाने 1967 मध्येच सांगितलं आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा आला. मग 1978 मध्ये मनेका गांधी केस. सरकारने पासपोर्ट जप्त केला आणि जनहितासाठी कारण सांगणार नाही म्हटलं, कोर्टाने सांगितलं की कायद्याने ठरवलेली पद्धत नुसती असून भागत नाही, ती न्याय्य, वाजवी असली पाहिजे आणि माणसाचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. म्हणून तुमचा पासपोर्ट अडकवला, नाकारला, तर कारण लेखी मागा, पासपोर्ट कायद्याच्या कलम 11 खाली अपील करा, आणि तिथे दाद नाही मिळाली तर कोल्हापूरचा रस्ता आहेच. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये जुन्या भांडणाची एखादी केस निघाली की लोक घाबरून गप्प बसतात, तसं बसू नका.

प्रश्न : माझ्या पुतणीच्या कॅनडाच्या फाईलमध्ये एजंटने बँकेचं खोटं लेटर लावलं होतं, आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही त्याला खरे कागद दिले होते. आता तिकडून एक पत्र आलंय, लेटरबद्दल शंका आहे, उत्तर द्या. एजंट म्हणतो उत्तर देऊ नका, अर्ज मागे घेऊ, प्रकरण मिटेल. घरात सगळे रडायलेत. – एक काकू, विजापूर रोड

उत्तर : काकू, एजंटचं ऐकू नका. हे पत्र म्हणजेच प्रोसिजरल फेअरनेस लेटर, म्हणजे वर जे मी लिहिलं की खोटेपणाची शंका असेल तर विचारलंच पाहिजे, ते विचारणं आता झालंय. उत्तर दिलं नाही तर पुढे कोर्टातही तुम्ही सांगू शकणार नाही की आमचं ऐकलं नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसला तर पाच वर्षं कॅनडाला अर्जच करता येत नाही, आणि नंतर कुठल्याही देशाच्या फॉर्मवर आधी कधी नाकारलंय का, बंदी होती का हा प्रश्न असतोच. अर्ज मागे घेतला की सुटलो असंही समजू नका.

पत्रात उत्तराची तारीख असते, ती खूप जवळची असते बऱ्याचदा. त्या तारखेच्या आत मुदत वाढवून मागा, कारणासकट, लेखी. बँकेच्या शाखेत स्वतः जा, मॅनेजरकडून लेखी घ्या की खात्यात खरोखर किती रक्कम आहे आणि ते लेटर आमचं नाही. एजंटला तुम्ही कुठले कागद कधी दिले याचे व्हॉट्सॲप मेसेज, मेल, पावत्या सगळं काढून ठेवा, फोन बदलू नका. मग पुतणीने स्वतःच्या शब्दांत, सत्य काय ते लिहायचं. खोटं झाकायला अजून एक खोटा कागद जोडला तर मग कोणीच वाचवू शकणार नाही.

खोटी आशा मी दाखवणार नाही. तिथला कायदा म्हणतो की अर्जावर सही तुमची, एजंटने काय जोडलं ते बघायची जबाबदारी तुमचीच, मला माहीत नव्हतं हे कारण कोर्ट फार कमी वेळा मान्य करतं. पण अजिबातच करत नाही असं नाही. 2023 मध्ये खोट्या ॲडमिशन लेटरवर गेलेल्या आपल्या मुलामुलींना देश सोडायच्या नोटिसा आल्या, तेव्हा जूनमध्ये तिथल्या मंत्र्यांनी टास्क फोर्स नेमला आणि जे खरोखर फसवले गेले होते त्यांना वेगळं काढायचं ठरवलं. फसवलं गेल्याचे कागद ज्यांच्याकडे होते त्यांनाच त्याचा उपयोग. हे उत्तर मात्र कॅनडातल्या वकिलाकडून किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटीझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत नाव असलेल्या सल्लागाराकडूनच लिहून घ्या, यादी ऑनलाईन आहे, नंबर टाकून तपासता येतं. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात सल्ला द्यायचा अधिकार अशा लोकांनाच आहे, गल्लीतल्या ऑफिसच्या बोर्डवर मेपलचं पान काढलं म्हणून कोणाला तो मिळत नाही.

एजंटचा हिशोब इथे, सोलापुरातच होऊ शकतो. फसवणूक आणि बनावट कागदाची पोलीस तक्रार द्या, तिची प्रत तिकडच्या उत्तराला जोडता येते. आणि जिल्हा ग्राहक आयोगात दावा, सेवेसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर आयोगाच्या अधिकारात बसतं, मुदत दोन वर्षं. मुलीला दोष देत बसू नका घरात, तिला आता जेवायला आणि झोपायला लावा, पत्र तिलाच लिहायचंय.

प्रश्न : मुलीचा अमेरिकेचा एफ वन (विद्यार्थी) व्हिसा मुंबईत दोन तीन प्रश्नांत नाकारला. फाईल उघडून पण पाहिली नाही. याला न्याय म्हणायचं का? अपील कुठे करायचं? – एक शिक्षक, मुरारजी पेठ

उत्तर : सर, अपील नाही. कलम 214(ब) चा कागद हातात दिला असेल, त्याचा अर्थ असा की तुम्ही तिथे कायमचे राहायलाच येताय असं कायदाच गृहीत धरतो आणि तसं नाही हे काउंटरवर तुम्हाला पटवून द्यायचं असतं. तिथली कोर्टं कॉन्सुलर अधिकाऱ्याच्या, म्हणजे खिडकीवर व्हिसा ठरवणाऱ्याच्या, नकारात हात घालत नाहीत, 1972 च्या मँडेल केसपासून ही भूमिका पक्की होत गेली आणि जून 2024 मध्ये मुन्योज केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तर अमेरिकन नागरिक असलेल्या बायकोलाही सांगितलं की परदेशी नवऱ्याला देशात आणणं हा तुझा घटनात्मक मूलभूत हक्क नाही. त्या नवऱ्याच्या अंगावरच्या टॅटूवरून त्याचा गुंडांच्या टोळीशी संबंध जोडला होता असं त्या दोघांचं म्हणणं, आणि सविस्तर कारण मिळवायला त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

मला हे पटत नाही, स्पष्ट सांगते. एवढी ताकद एका खिडकीमागे आणि तिला विचारणारं कोणीच नाही, हे कुठल्याही देशात बरोबर नाही. पण मुलीला उपयोगी पडेल ते एवढंच की परत अर्ज करता येतो, बंदी नाही, फी 185 डॉलर परत भरावी लागते, आणि परिस्थितीत किंवा उत्तरात काहीतरी बदल असल्याशिवाय जाऊ नये. फाईल बघत नाहीत हे खरंच आहे, म्हणून हेच कॉलेज का, पैसे कोण देणार, परत येऊन काय करणार, हे तीन प्रश्न तिला पाठ न करता, दोन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत बोलता आले पाहिजेत. कागदावर 221(जी) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कागद किंवा तपासणी बाकी असते, मागितलेलं पाठवा आणि थांबा.

प्रश्न : जर्मनीच्या स्टुडंट व्हिसाला नकार आला. सिनिअर मुलं म्हणतात रिमॉन्स्ट्रेशन लेटर पाठव, फुकट असतं. – सोलापूर

उत्तर : रिमॉन्स्ट्रेशन म्हणजे ज्यांनी नकार दिला त्यांनाच निर्णय परत बघा म्हणून पाठवायचं पत्र. ते जुनं झालं. 1 जुलै 2025 पासून जर्मनीने ही सोय जगभर बंद केली. आता दोनच मार्ग, नवीन अर्ज, किंवा नकार हातात आल्यापासून एक महिन्यात बर्लिनच्या प्रशासकीय कोर्टात दावा. दावा जर्मन भाषेत, खर्चही येतो आणि निकालाला वेळ लागतो, तोवर सेमिस्टर निघून जातं. बहुतेकांना नवीन अर्जच सोयीचा. थोड्या दिवसांच्या शेंगेन व्हिसाला, म्हणजे एकाच व्हिसावर युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरता येतं त्याला, मात्र कारणाचा ठरलेला फॉर्म देणं आणि अपिलाची वाट ठेवणं युरोपातल्या त्या सगळ्या देशांवर बंधनकारक आहे, आणि 2017 मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की ती वाट शेवटी खऱ्या कोर्टापर्यंत गेलीच पाहिजे. कुठे, किती दिवसांत, ते नकाराच्या कागदावरच असतं.

प्रश्न : मुलगी इंग्लंडला लेस्टरमध्ये असते, बाळंतपणासाठी मी जाणार होते, व्हिजिटर व्हिसा नाकारला. कारण लिहिलंय की उत्पन्नाचा पुरावा नाही आणि परत येण्याचं कारण दिसत नाही. मी शिवणकाम करते, हातात रोख पैसे येतात, बँकेत काय दाखवू? तारीख जवळ आलीय. – एक आई, अशोक चौक

उत्तर : मावशी, आधी कायद्याचं थोडक्यात. नातेवाईकांना भेटायला जाणाऱ्यांना पूर्वी तिथे अपिलाचा पूर्ण हक्क होता, तो 25 जून 2013 पासून गेला. आता व्हिजिटरसाठी उरतो तो ज्युडिशियल रिव्ह्यू, तीन महिन्यांच्या आत, आणि त्याआधी सरकारला एक नोटीसवजा पत्र पाठवायचं असतं, कधी कधी त्या पत्रावरच ते निर्णय परत बघतात. तुमच्या केसमध्ये उत्पन्नाचा कागद जोडलेलाच नव्हता, मग तिथे भांडायला काही नाही, आणि बाळंतपण कोर्टासाठी थांबणार नाही. लगेच नवीन अर्ज करा.

शिवणकामाच्या ऑर्डरची वही असेल तर तिची पानं, ज्या दुकानाला ब्लाऊज शिवून देता त्या दुकानदाराचं त्यांच्या लेटरहेडवर पत्र, घराचा उतारा किंवा टॅक्सची पावती, यजमानांची पेन्शन किंवा पगार असेल तर त्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आणि घरी तुमच्यावर कोण अवलंबून आहे ते, सासूबाई असतील तर त्यांचे औषधोपचाराचे कागद. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क. व्हिसासाठी म्हणून कोणाकडून उसने दोन लाख आणून खात्यात भरू नका, ते लगेच दिसतं आणि उलट शंका येते, तिकिटाचा आणि राहण्याचा खर्च मुलगी जावई करणार असतील तर त्यांचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि घराचा करार जोडा. मुलीच्या डॉक्टरांचं तारखेचं पत्र पण. आधीच्या नकाराबद्दल फॉर्मवर विचारतात तिथे हो लिहा, नकाराची तारीख लिहा, आणि सोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात सांगा की मागच्या वेळी उत्पन्नाचा पुरावा जोडला नव्हता, तो यावेळी पान क्रमांक अमुकवर आहे. परतीची तारीख पक्की लिहा, बाळ किती महिन्यांचं होईपर्यंत थांबणार ते. जास्तीचे पैसे भरून लवकर निर्णय मागायची सोय चालू आहे का ते अपॉइंटमेंट घेताना बघून घ्या.